पाहुणा आला कुठून?

किनाऱ्यावरच्या वाळूचे नमुने घेण्यासाठी आम्ही चार दिवस दिवेआगरला मुक्कामाला होतो. उतरलो होतो ते नारळी-पोफळीच्या एका वाडीतल्या घरगुती खोल्यांत. पहिल्याच संध्याकाळी यजमानांनी एक जाडजूड वही पुढे केली. अशी वही आपण सर्वांनीच कधी ना कधी, कुठल्या तरी लॉजवर भरलेली असते. नाव, वय, राहण्याचा पत्ता, कुठून आलात, कुठे जाणार, सही. आम्ही पत्त्याच्या रकान्यात 'पुणे' लिहिले आणि 'कुठून आलात' या रकान्यात 'मुरुड'. कारण आदली रात्र मुरुडला काढून सकाळी आगरदांड्याच्या धक्क्यावर गाडी फेरीबोटीत घातली होती आणि पलीकडे दिघीला उतरलो होतो.

"बरं केलंत दोन्ही वेगळं लिहिलंत ते," यजमान म्हणाले. "बरीच मंडळी दोन्हीकडे एकच लिहून टाकतात."

हे दोन रकाने वेगळे आहेत, एवढी एकच गोष्ट नीट लक्षात ठेवली तर पुढचा सगळा विषय सोपा होतो.

यजमानांची पुतणी पुण्याला शिकलेली. तिने काकांच्या खोल्यांसाठी एक संकेतस्थळ तयार करून दिले आणि त्याला भेटींची मोजदाद करणारी एक फुकट मिळणारी सोय जोडून ठेवली. रात्री जेवणे झाल्यावर यजमानांनी मोबाईल आमच्यापुढे धरला. पडद्यावर गावांची यादी होती आणि प्रत्येक गावापुढे एक आडवी पट्टी. सर्वांत लांब पट्टी मुंबईची, पुण्याची तिच्या निम्मीसुद्धा नाही.

"तुम्ही शास्त्रातली माणसं. हे जरा समजावून सांगा. साईट बघतात ते मुंबईचे, आणि अंगणात लागतात त्या गाड्या पुण्याच्या. मुंबईची माणसं नुसती बघून परत का जातात? आणि हे ॲशबर्न कुठलं गाव? तिथनं रोज कोणी तरी येतंय."

प्रश्न गमतीचा वाटला तरी त्यात पैसा अडकलेला होता. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ याच किनाऱ्यावर चालून आले आणि श्रीवर्धन-मुरुडच्या पट्ट्यात वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळीचे नवे रोप फळाला येण्यास पाच-सात वर्षे लागतात. तोवर घर चालायचे ते खोल्यांवर. मुंबईचे लोक बघून परत जात असतील तर तिकडे जाहिरात करून त्यांना आणावे, असा यजमानांचा बेत जवळजवळ ठरला होता. त्यासाठी काढून ठेवलेली रक्कम वाडीच्या कुंपणाची होती.

तेव्हा ती पट्टी नेमके काय मोजते, हे पाहणे भाग होते.

संगणक वही कशी भरतो?

संकेतस्थळ म्हणजे कुठल्या तरी दूरच्या संगणकावर ठेवलेली पाने. त्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. आपण मोबाईलवर पत्ता टाकतो किंवा एखाद्या दुव्यावर बोट ठेवतो, तेव्हा आपला मोबाईल सर्व्हरला एक छोटे पत्र धाडतो: 'अमुक पान पाठवा.' उत्तर यायचे तर पत्रावर पाठवणाऱ्याचा पत्ता हवाच. हा पत्ता म्हणजे आयपी क्रमांक. त्यात हेरगिरी काही नाही; जोडकार्ड पाठवताना परतीच्या कार्डावर आपण आपला पत्ता लिहितो, तसेच हे. याशिवाय पत्रात कोणता ब्राउझर आहे, कोणती भाषा चालेल अशा दोन-चार गोष्टी असतात, आणि बहुतेक वेळा आणखी एक ओळ असते: 'मी अमुक पानावरच्या दुव्यावरून आलो.'

सर्व्हर ही पत्रे वेळेनिशी एकाखाली एक टिपून ठेवतो. महाजालाच्या सुरुवातीच्या काळात भेटींची मोजदाद म्हणजे या नोंदी वाचणे. पुढे पानातच एक छोटी आज्ञावली ठेवण्याची पद्धत आली. पान उघडले की ती चालते आणि मोजदाद करणाऱ्या दुसऱ्याच संगणकाला वर्दी देते. सॅन डिएगोच्या 'अर्चिन' नावाच्या कंपनीचे असे एक साधन होते. २००५ साली गूगलने ती कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'गूगल ॲनालिटिक्स' फुकट वापरायला दिले. फुकट म्हटल्यावर ते घरोघरी गेले, यजमानांच्या वाडीतही. (अर्चिन या शब्दाचा एक अर्थ समुद्रातला तो काटेरी गोळा. किनाऱ्यावर बसून हे सांगताना त्याची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही.)

आता वहीतले दोन रकाने आठवा. आयपी क्रमांकावरून गावाचा जो अंदाज बांधतात तो झाला 'राहण्याचा पत्ता'. 'अमुक पानावरून आलो' ही ओळ म्हणजे 'कुठून आलात'. पाहुणा स्वतः लिहीत नाही, यंत्र लिहिते, हा फरक. यंत्र खोटे बोलत नाही हे खरे, पण आपण विचारतो तो प्रश्न आणि यंत्र उत्तर देते तो प्रश्न हे एकच आहेत असे मात्र मुळीच नाही.

गाडीची पाटी

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही यजमानांना घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिलो आणि येणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचू लागलो. एमएच १२ म्हणजे पुणे, १४ म्हणजे पिंपरी-चिंचवड, ०४ ठाणे, ४३ नवी मुंबई, ०६ आपला रायगड. हा खेळ सगळ्यांना येतो. पण पाटी काय सांगते? गाडीची नोंदणी कुठे झाली ते. एमएच १२ ची जुनी गाडी साताऱ्याच्या माणसाने विकत घेतलेली असू शकते. ठाण्याची भाड्याची गाडी पुण्याची माणसे घेऊन आलेली असू शकते. आत बसलेल्या माणसांचे गाव पाटीवर लिहिलेले नसते; आपण ते ताडतो, आणि गाड्यांच्या बाबतीत आपला तर्क बरेचदा बरोबर येतो.

आयपी क्रमांकाचेही असेच. क्रमांक माणसाला मिळत नाही. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला क्रमांकांचे गठ्ठे मिळतात आणि ती ते आपल्या सोयीने वापरते. कोणता गठ्ठा कुठे वापरात असावा याचे अंदाज बांधून काही संस्था तक्ते तयार करतात, आणि मोजदाद करणारे साधन अशा तक्त्यात पाहून गावाचे नाव लिहिते. घरात किंवा शाळेत केबलने येणारे इंटरनेट असेल तर हा अंदाज पुष्कळदा बरा येतो. मोबाईलच्या बाबतीत मात्र पंचाईत होते. आपल्या मोबाईलमधून निघालेले पत्र आधी कंपनीच्या जाळ्यातून फिरत एखाद्या मोठ्या केंद्रापर्यंत जाते आणि तिथून महाजालात बाहेर पडते. बाहेरच्या जगाला दिसतो तो त्या केंद्राचा क्रमांक. माणूस वारज्यात, हडपसरला किंवा थेट दिवेआगरच्या वाळूत बसलेला असो, केंद्र मुंबईत असेल तर नोंद 'मुंबई' अशी होऊ शकते.

त्यातच क्रमांकांची टंचाई. आयपीची जुनी रचना ३२ द्विमान अंकांची आहे, म्हणजे एकूण क्रमांक २ चा ३२ वा घात, साधारण ४२९ कोटी. जगातल्या माणसांना एकेक द्यायचा म्हटले तरी ते पुरत नाहीत, आणि त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला. त्यामुळे मोबाईल कंपन्या एकाच क्रमांकाआड शेकडो गिऱ्हाइके बसवतात. नवी, १२८ अंकांची रचना आता भारतात भरपूर वापरात आहे, पण 'केंद्र कुठे आणि माणूस कुठे' हा घोळ तिने आपोआप सुटत नाही.

तक्त्यात एखाद्या क्रमांकाचे गाव माहीतच नसेल तर काय लिहायचे? याचे उत्तर अमेरिकेत एका कुटुंबाला फार महाग पडले. असे तक्ते तयार करणाऱ्या एका कंपनीने ठरवले, की नुसते 'अमेरिका' एवढेच ठाऊक असेल तर देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू लिहावा. आकडे सुटसुटीत हवेत म्हणून त्यांनी ३८ अंश उत्तर, ९७ अंश पश्चिम असा बिंदू घेतला. तो नेमका कॅन्सस राज्यातल्या एका शेतघराच्या अंगणात पडत होता. सुमारे ६० कोटी क्रमांकांपुढे हे अंगण लिहिले गेले. परिणामी वर्षानुवर्षे कुठेही संगणकीय फसवणूक झाली, की पोलीस आणि संतापलेली माणसे त्या शेतावर येऊन थडकत. २०१६ साली एका पत्रकार बाईंनी या प्रकाराचा उलगडा केला, तेव्हा कंपनीने तो बिंदू उचलून जवळच्या एका तलावाच्या मध्यभागी नेऊन ठेवला. 'माहीत नाही' असे लिहिण्याऐवजी काहीतरी नेमके लिहिण्याची ही हौस आपल्याकडच्या तक्त्यांतही दिसते.

आणि ॲशबर्न? ते अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातले गाव. जगातल्या सर्वांत मोठ्या संगणक-कोठारांपैकी बरीच तिथे आहेत. महाजालावरची पाने वाचत फिरणाऱ्या आज्ञावल्या अशा कोठारांतल्या संगणकांवरून निघतात. मोजदाद करणारे साधन ओळखीच्या आज्ञावल्या गाळते, अनोळखी राहून जातात. यजमानांच्या संकेतस्थळावर रोज येणारे हे पाहुणे बहुधा यंत्रे होती. त्यांना उकडीच्या मोदकांशी काही कर्तव्य नाही.

उलटा हिशेब

मुंबईची पट्टी लांब का, याचे एक संभाव्य कारण आता हाती आले. पण ते पुरेसे आहे का? आम्ही कागदावर हिशेब मांडला. शिक्षकांना तो वर्गात सहज घेता येईल. आकडे कल्पित आहेत.

समजा संकेतस्थळ १०० जणांनी पाहिले. त्यांतले ६० पुण्याचे, ४० मुंबईचे. पुण्याच्या ६० पैकी निम्म्यांनी मोबाईलवरच्या इंटरनेटने पाहिले आणि त्यांची नोंद 'मुंबई' अशी झाली. मुंबईच्या सर्वांची नोंद बरोबर झाली. मग यादीत मुंबई दिसेल ४० + ३० = ७०, आणि पुणे दिसेल ३०. खरे चित्र पुण्याच्या बाजूचे असताना यादी नेमके उलटे सांगेल. म्हणजे मुंबईकर बघून परत जात होते असे मुळी नसेलच. ते पुणेकरच असतील आणि ते येतही असतील.

'असतील' हे मात्र महत्त्वाचे. निम्म्यांची नोंद चुकते हे आम्ही गृहीत धरले होते. ते मोजायचे कसे? इथे यजमानांची वही कामाला आली. आलेल्या पाहुण्यांचा खरा पत्ता वहीत आहे. पाहुण्यांना एवढेच सांगायचे: 'आमचे संकेतस्थळ परत घरी गेल्यावर एकदा उघडा, आणि कोणत्या दिवशी, किती वाजता उघडलेत ते कळवा.' त्या वेळची नोंद कोणत्या गावाच्या नावे पडली ते पाहायचे. असे वीस-पंचवीस पाहुणे झाले की चुकीचे प्रमाण ढोबळ मानाने कळते, आणि मग समीकरण उलटे सोडवता येते. प्रयोगशाळेत नवा तापमापक आला की तो आधी वितळत्या बर्फात आणि उकळत्या पाण्यात धरून पाहतो, तसेच हे. महागड्या यंत्राची खातरजमा करायला हाताने लिहिलेली वही लागली याचे यजमानांना फार समाधान वाटले.

वीस-पंचवीस हा आकडा थोडा आहे हेही सांगायला हवे. २० पैकी ५ जणांची नोंद चुकली तर आपण '२५ टक्के' म्हणून मोकळे होतो. पण एवढ्या लहान नमुन्यात खरे प्रमाण साधारण १० ते ४५ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. लहान संकेतस्थळांच्या साऱ्याच टक्केवाऱ्यांना ही अडचण आहे. एका लग्नाच्या वऱ्हाडाने खोल्या पाहिल्या की त्या महिन्याचा आलेख उड्या मारतो.

तीन रस्ते

आता दुसरा रकाना: कुठून आलात.

दिवेआगरला गाडी तीन बाजूंनी येते. माणगाव-म्हसळ्याकडून बोर्ली पंचतनमार्गे, दिघीकडून किनाऱ्याकिनाऱ्याने, किंवा दक्षिणेकडून श्रीवर्धन-शेखाडीच्या रस्त्याने. गावाच्या वेशीवर उभ्या असलेल्या माणसाला गाडी कोणत्या रस्त्याने आली एवढेच दिसते. शेखाडीच्या रस्त्याने आलेली गाडी श्रीवर्धनची असेल, किंवा बाणकोटची खाडी फेरीबोटीने ओलांडून दापोलीहून आलेली असेल, किंवा हरिहरेश्वराचे दर्शन करून फिरत आलेली पुण्याचीही असेल. आम्ही स्वतः पुण्याचे असून दिघीकडून आलो होतो.

'अमुक पानावरून आलो' ही ओळ अशीच फक्त शेवटचा टप्पा सांगते. तिला तांत्रिक भाषेत रेफरर म्हणतात. १९९६ साली ज्या मानक दस्तऐवजात ती छापली गेली त्यात या इंग्रजी शब्दाचे स्पेलिंगच चुकलेले आहे: चार 'आर' हवेत तिथे तीनच आहेत. तोवर सर्व संगणक ते चुकीचे स्पेलिंग वापरू लागले होते, त्यामुळे ते आजतागायत तसेच चालू आहे. शुद्धलेखनात मार कापणाऱ्या शिक्षकांनी ही हकीकत विद्यार्थ्यांना सांगावी की नाही, हे त्यांचे त्यांनी ठरवावे.

एखाद्या बाईंनी सोमवारी मैत्रिणीच्या मोबाईलवर दिवेआगरच्या किनाऱ्याची चित्रफीत पाहिली. बुधवारी नवऱ्याला सांगितले. शनिवारी नवऱ्याने गूगलवर 'दिवेआगर राहण्याची सोय' असे शोधले आणि यजमानांचे पान उघडले. नोंद होणार: 'गूगल शोधातून'. चित्रफितीचे नाव कुठेच नाही, मैत्रिणीचे तर नाहीच. श्रेय कोणाला द्यायचे? सगळे शेवटच्या टप्प्याला, सगळे पहिल्याला, की वाटून? व्यापारी जगात यावर बरीच गणिते केली जातात. आमच्या मते यातल्या कोणत्याच गणिताला अंतिम म्हणता येत नाही, कारण चित्रफीत नसती तर ते कुटुंब आले असते का, हे नोंदींवरून कळण्यासारखेच नाही.

शिवाय ही ओळ दिवसेंदिवस त्रोटक होत चालली आहे, आणि त्याला कारणही चांगले आहे. पूर्वी त्यात आधीच्या पानाचा पूर्ण पत्ता येई. कोणी आजाराविषयीच्या पानावरून आले तर तेही उघड होई. २०२०-२१ पासून प्रमुख ब्राउझर दुसऱ्या स्थळाला फक्त आधीच्या स्थळाचे नाव कळवतात, पान कळवत नाहीत. जणू गाव सांगायचे, घर सांगायचे नाही. लोक गूगलवर नेमके कोणते शब्द टाकून आले तेही एकेकाळी दिसत असे. २०११ पासून गूगलने ते झाकायला सुरुवात केली. आज ते एकत्रित स्वरूपात गूगलच्या दुसऱ्या साधनात पाहावे लागतात. कित्येक लोक मोजदाद रोखणारी साधने वापरतात. ते तर कुठल्याच पट्टीत येत नाहीत. यजमानांना हे नुकसान वाटले. आम्हाला वाटले नाही. आपल्या देशात २०२३ साली व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा झाला तो याच काळजीतून. पाहुण्याने वहीत काय लिहायचे यावर पाहुण्याचा थोडा ताबा असलेला बरा.

'थेट' म्हणजे काय?

यजमानांच्या मोबाईलवर आणखी एक यादी होती: शोधातून इतके, दुसऱ्या स्थळांवरून इतके, समाजमाध्यमांतून इतके, आणि सर्वांत मोठी पट्टी 'थेट'. त्याचा अर्थ यजमानांनी असा लावला होता, की या लोकांना आपले नाव पाठ आहे, ते पत्ता टाकून सरळ येतात. त्यामुळे जुन्या पाहुण्यांची चिंता नाही.

शाळेत माहितीचे तक्ते भरणाऱ्यांना 'निरंक' आणि 'माहिती उपलब्ध नाही' यांतला फरक सांगायला नको. 'थेट' हा शब्द या दोहोंपैकी दुसऱ्या जातीचा आहे. पत्रात 'अमुक पानावरून आलो' ही ओळ नसेल, तर साधन त्या भेटीपुढे 'थेट' असे लिहिते. पत्ता टाकून आलेला जुना पाहुणा त्यात असतो हे खरे. पण व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावर बोट ठेवून आलेला, एसएमएसमधून आलेला, दुकानातल्या पाटीवरचा चौकटीचा संकेत मोबाईलने टिपून आलेला, असे सगळे बहुधा त्यातच पडतात, कारण या ठिकाणी आधीचे 'पान' असे काही नसतेच. आपल्याकडे सहलीची आखणी कुटुंबाच्या आणि कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटांवर होते. तेव्हा 'थेट'च्या पोटात तोंडी कीर्ती किती दडलेली असेल!

यावर उपाय सोपा आहे आणि महाजालापेक्षा जुना आहे. वर्तमानपत्रात जाहिरात देणारे पूर्वी प्रत्येक पत्रातल्या कुपनावर वेगळी खूण छापत. कूपन परत आले की कोणत्या पत्राने गिऱ्हाईक दिले ते कळे. दुव्याच्या बाबतीतही असेच करता येते. मूळ पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन पुढे एक खूण जोडायची: व्हॉट्सॲपसाठी एक, पाटीसाठी दुसरी, रिक्षावाल्यांना द्यायच्या कार्डासाठी तिसरी. पान तेच उघडते, पण खूण नोंदीत उतरते. या खुणांना यूटीएम म्हणतात. त्यातला 'यू' हा त्याच अर्चिन कंपनीच्या नावाचा. पुतणीला फोनवरून हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "सर, हे मला माहीत होतं. पण काकांना लांबलचक दुवे आवडत नाहीत."

तोच माणूस पुन्हा आला की नवा आला, हे ओळखण्यासाठी आणखी एक युक्ती असते, ती म्हणजे कुकी. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी ती काढली. पहिल्या भेटीत पाहुण्याच्या ब्राउझरच्या हाती एक बिल्ला द्यायचा. पुढच्या भेटीत त्याने तो दाखवायचा. पण बिल्ला माणसाला नसून ब्राउझरला असतो. घरातला मोबाईल आणि कार्यालयातला संगणक वापरणारा एक माणूस दोन मोजला जातो, आणि एकच मोबाईल वापरणारे चौघांचे कुटुंब एक.

तिसऱ्या दिवशी वाळू चाळताना यजमान शेजारी येऊन बसले. आम्ही नमुन्यावरून चुंबक फिरवत होतो. काळे कण चुंबकाला चिकटत होते. ते सह्याद्रीच्या बेसाल्टातून झिजून नदी-ओढ्यांबरोबर आलेले. पांढरे तुकडे शिंपल्यांचे, म्हणजे समुद्रातले. कण कुठला हे त्याच्या घडणीवरून कळते. पण वाळूवर उमटलेल्या लाटांच्या रेघा पाहिल्या तर शेवटच्या भरतीचे पाणी कोणत्या दिशेने आले एवढेच कळते. यजमानांनी थोडा वेळ पाहिले आणि म्हणाले, "म्हणजे पुन्हा दोन रकाने."

आणखी एक गोष्ट त्यांनीच काढली. नोव्हेंबर १९९७ मध्ये इथल्या एका वाडीत खोदताना तांब्याच्या पेटीत सोन्याचा गणपती सापडला आणि आडबाजूच्या या गावाकडे माणसांची रीघ लागली. मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला, दोन रखवालदारांचा जीव गेला, मूर्ती गेली. त्यानंतर पाहुणे रोडावले. नोव्हेंबर २०२१ मध्ये मूर्तीची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. "तेव्हा कुठं होती साईट? माणसं का आली आणि का थांबली ते आम्हाला कळत होतंच की." कळत होते, कारण ते दारात उभे राहून माणसांशी बोलत होते. भेटींची यादी वाट दाखवते, तीही शेवटची. येण्याचे कारण तिच्यात कुठेच नोंदलेले नसते.

वर्गात करून पाहण्यासारखे

यातला मोबाईलचा भाग कोणत्याही शाळेत पाच मिनिटांत पडताळता येतो. आयपी क्रमांकावरून गाव दाखवणारी अनेक संकेतस्थळे आहेत. त्यांतले एक आधी शाळेच्या केबलवरच्या इंटरनेटने उघडावे, मग मोबाईलच्या इंटरनेटने. दाखवलेली गावे फळ्यावर लिहावीत आणि नकाशावर अंतर मोजावे. वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे असलेले तीन-चार शिक्षक असतील तर आणखी मजा येते. मात्र 'आपले ठिकाण पाहू द्यावे का?' असे मोबाईलने विचारल्यास नकार द्यावा. होकार दिला तर तो उपग्रहांच्या साहाय्याने खरी जागा सांगेल आणि प्रयोग फसेल.

दुसरा प्रयोग एसटी थांब्यावर किंवा शाळेच्या फाटकापाशी सुरक्षित जागी उभे राहून करायचा. तासभर येणाऱ्या गाड्यांच्या पाट्यांवरून गावे लिहावीत. त्यांतल्या ज्या थांबतील त्यांतील माणसांना नम्रपणे 'कुठून आलात?' आणि 'कुठे राहता?' असे दोन प्रश्न विचारावेत. पाटी, पहिले उत्तर आणि दुसरे उत्तर असे तीन रकाने करून किती ठिकाणी तिन्ही जुळतात ते पाहावे. न थांबलेल्या गाड्यांचे काय करायचे, हा प्रश्न मुले स्वतःहून काढतात की नाही, याकडे लक्ष ठेवावे.

आम्ही निघालो तेव्हा यजमानांनी वहीत तांबड्या शाईने एक नवा रकाना आखला होता: 'आमच्याविषयी कोणी सांगितले?' जाहिरातीचा बेत त्यांनी दोन महिने पुढे ढकलला. पुढे पाडव्याच्या सुमारास त्यांचा फोन आला. कुंपण झाले होते. नव्या रकान्यात सगळ्यांत जास्त वेळा काय लिहिले जाते, असे आम्ही विचारले.

"मावशी, आत्या, ऑफिसातला कोणी तरी. एकानं तर नुसतं 'बायको' लिहिलंय," ते म्हणाले. "पुतणीनं आता व्हॉट्सॲपचा वेगळा दुवा करून दिलाय. जाताना प्रत्येकाला तो पाठवतो. पण हल्ली लोक साईट बघतच नाहीत हो, दुव्याखालचा नंबर घेऊन सरळ फोन करतात. ते कुठल्या पट्टीत धरायचे?"